बोटाची शरीररचना आणि हस्तोपचारकाचे शिक्षण : शेंदूरजनाघाट परिसरातील कलम-कारागिरांच्या हाताच्या संदर्भात

प्रस्तावना

अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी व मध्य प्रदेशाच्या सीमेलगत शेंदूरजनाघाट हे नगर वसलेले आहे. संत्र्याच्या बागांइतकीच या परिसराची ओळख संत्रा-कलमांच्या रोपवाटिकांमुळे आहे. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरून येथे कलमे तयार केली जातात. कारागीर खुंटाच्या सालीवर धारदार चाकूने इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा छेद घेतो, डोळकाडीवरून ढालीच्या आकाराचा डोळा काढतो, छेदाच्या कडा अलगद उचलून तो आत सरकवतो आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधून टाकतो. वाकून किंवा उकिडवे बसून, रोपामागून रोप, हीच क्रिया दिवसभर चालते.

कलमांविषयीच्या कृषिलेखनात खुंटाची निवड, डोळकाडीची शुद्धता, डिंक्या रोग, पाण्याचा निचरा यांची चर्चा विपुल आढळते. ज्या बोटांनी हे काम होते त्यांची चर्चा मात्र सहसा आढळत नाही. ती होते केवळ बोट निकामी झाल्यावर, आणि तीही बहुधा एकाच वाक्यात : ‘नस तुटली.’

या वाक्यात हस्तोपचाराची मूळ अडचण सामावलेली आहे. बोलीमध्ये ‘नस’ हा शब्द रक्तवाहिनीला, मज्जातंतूला आणि कंडरेला, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला, सरसकट वापरला जातो. तिन्ही रचना बोटात एकमेकींच्या शेजारून जातात आणि एकाच घावात तिन्ही कापल्या जाऊ शकतात. परंतु तिघींचे परिणाम वेगळे, उपचार वेगळे आणि बरे होण्याचा काळही वेगळा असतो. रुग्णाच्या ‘नस’ या शब्दाचा नेमका अर्थ त्याच्या बोटावरूनच लावावा लागतो. तो लावण्यासाठी हस्तोपचारकाला बोटाची शरीररचना कशा प्रकारे अवगत असावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बोटात स्नायू नसतो

हाताच्या सांगाड्यात २७ हाडे असतात : मनगटाची ८, तळहाताची ५ आणि बोटांची १४. अंगठ्याला दोन व इतर चार बोटांना प्रत्येकी तीन पेरे असतात. ‘पेर’ हा शब्द मराठीत ऊस, बांबू आणि बोट या तिघांनाही लागू पडतो, ही सोयीची गोष्ट आहे. कारागिराला बोटाची रचना समजावून सांगताना दुसरा शब्द शोधावा लागत नाही. मूळ पेर, मधले पेर व टोकाचे पेर आणि त्यांना अनुसरून मूळ सांधा, मधला सांधा व टोकाचा सांधा अशी नावे पुढील विवेचनात वापरली आहेत.

विद्यार्थ्याला प्रथम चकित करणारी बाब ही की, बोट हलवणारा एकही स्नायू बोटात नसतो. बोट वाकवणारे व सरळ करणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान असतात, तर लहान स्नायू तळहातात असतात. बोटात उतरतात त्या केवळ कंडरा. पंजा टेबलावर सैल ठेवून एकेक बोट हलवले असता हालचाल दिसते बोटात, पण वळवळ जाणवते मनगटापलीकडे. बोटाला दुखापत नसतानाही अग्रबाहूवरील एखाद्या घावाने बोट का लुळे पडते, याचा उलगडा येथेच होतो.

दुसरी बाब मनगटाची. मनगट मागे वाकवले की सैल बोटे आपोआप मिटू लागतात. मनगट पुढे झुकवले की ती उघडतात. कंडरांची लांबी ठरलेली असल्याने हे घडते. शस्त्रक्रियेपूर्वी किंवा बेशुद्ध रुग्णात कंडरा शाबूत आहे की नाही हे पाहण्यास ही साधी क्रिया उपयोगी पडते. मनगट मागे नेले असता चार बोटांपैकी एक ताठ राहिले, तर त्याची वाकवणारी कंडरा तुटली असल्याची शंका घ्यावी.

दोन दोऱ्या आणि पाच कप्प्या

प्रत्येक बोटाला तळहाताच्या बाजूने दोन आकुंचक कंडरा येतात. वरवरची कंडरा मधल्या पेराला चिकटते व मधला सांधा वाकवते. खोल कंडरा तिच्याखालून येते, परंतु तिला जायचे असते पुढे, टोकाच्या पेरापर्यंत. यासाठी वरची कंडरा दुभंगते व खोल कंडरेला आपल्यामधून वाट देते. पुस्तकातील चित्रात ही रचना पाहून पाठ होते, पण समजत नाही. दोन दोऱ्या व एक काडी घेऊन ती स्वतः बांधून पाहिल्यावर समजते.

दोन कंडरांची परीक्षा वेगवेगळी करावी लागते. मधले पेर धरून टोकाचा सांधा वाकवण्यास सांगितले असता खोल कंडरेची परीक्षा होते. वरवरच्या कंडरेसाठी उरलेली तीन बोटे पूर्ण सरळ धरून ठेवावी लागतात. यामागील कारण मोठे उद्‌बोधक आहे. मध्यमा, अनामिका व करंगळी यांच्या खोल कंडरा एकाच सामाईक स्नायुपिंडातून निघत असल्याने एक बोट ताठ धरले की शेजारच्या खोल कंडराही जखडल्या जातात. मग मोकळे बोट वाकले तर ते वरवरच्या कंडरेनेच वाकले असले पाहिजे. करंगळीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. अनेकांमध्ये तिची वरवरची कंडरा अनामिकेवर अवलंबून असते व निरोगी करंगळीही या परीक्षेत अनुत्तीर्ण होते. म्हणून दुसऱ्या हाताशी तुलना केल्याविना निष्कर्ष काढू नये.

या सामाईकपणाचा आणखी एक परिणाम कारागिरांच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो. एक बोट पूर्ण मिटेनासे झाले की इतर बोटांचीही मूठ ढिली पडते. ‘तीन बोटे तर धड आहेत’ असे म्हणून घरचे धीर देतात, पण त्या तीन बोटांची पकड पूर्ववत नसते.

वाकताना कंडरा हाडापासून सुटून तळहातात ताणल्या जाऊ नयेत म्हणून बोटाच्या आवरणावर पाच वर्तुळाकार कप्प्या व त्यांच्या दरम्यान काही तिरक्या पट्ट्या असतात. यांपैकी मूळ पेरावरील दुसरी व मधल्या पेरावरील चौथी कप्पी सर्वाधिक महत्त्वाची होय. विहिरीवरील कप्पी निखळली की दोर काठाशी घासतो व ओढण्याची ताकद वाया जाते, तसेच येथे घडते. मूळ सांध्यापाशी असलेली पहिली कप्पी जाड झाली तर कंडरा तिच्यात अडकते आणि बोट खटका बसल्यासारखे उघडते. सतत मूठ आवळून चाकू वा कात्री चालवणाऱ्यांत हा विकार परिचित आहे.

तळहातातील आडव्या रेषेपासून मधल्या पेराच्या मध्यापर्यंतच्या भागाला अमेरिकन शल्यचिकित्सक स्टर्लिंग बनेल यांनी ‘निर्मनुष्य प्रदेश’ या अर्थाचे नाव दिले होते. दोन्ही कंडरा येथे एकाच अरुंद बोगद्यातून जातात. टाके घातले की त्या एकमेकींना व बोगद्याला चिकटतात, म्हणून या भागात तत्काळ टाके घालूच नयेत असे पूर्वी मानले जाई. पुढे शिवण्याच्या पद्धती सुधारल्या, आणि शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत बोट नियंत्रितपणे हलवू लागल्यास कंडरा चिकटत नाहीत, हेही स्पष्ट झाले. हस्तोपचारकाची खरी कसोटी येथे लागते. बोट हलवलेच नाही तर ते आखडते. जास्त हलवले तर टाका सुटतो.

काट्याची इजा

जंबेरीला काटे असतात. काटा टोचणे ही रोपवाटिकेत इजा समजली जात नाही. बोटाच्या तळहाताकडील बाजूस, विशेषतः सांध्यावरील घडीत, त्वचा व कंडरेचे आवरण यांत अंतर फार थोडे असते, आणि काट्यासोबत गेलेले जंतू या बंदिस्त नळीत वाढले की काही दिवसांत कंडरा कायमची निकामी होऊ शकते. शिकागो येथील ॲलन कानाव्हेल यांनी हाताच्या जंतुसंसर्गावरील आपला ग्रंथ १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी चार लक्षणे आजही शिकवली जातात : संपूर्ण बोटाला आलेली एकसारखी सूज, किंचित वाकून राहिलेले बोट, कंडरेच्या मार्गावर दाबल्यास वेदना आणि बोट सरळ करू जाताच होणारी तीव्र वेदना. ही लक्षणे असलेल्या बोटास व्यायाम देणे ही घोडचूक होय. त्या रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवणे हाच उपचार.

तर्जनी, मध्यमा व अनामिका यांची आवरणे सामान्यतः तळहाताच्या सुरुवातीस संपतात. करंगळीचे आवरण मात्र बहुधा तळहातातून मनगटापर्यंत जाते, अंगठ्याचेही तसेच, आणि मनगटाशी या दोन पिशव्यांचा अनेकदा संबंध असतो. त्यामुळे करंगळीत गेलेला काटा अंगठा सुजवू शकतो. रचना ठाऊक नसलेल्याला हे अविश्वसनीय वाटावे असेच आहे.

बोटाची पाठ

बोटाच्या पाठीवरील रचना तळहाताकडील रचनेहून नाजूक आणि, शिकण्यास, कठीण आहे. येथे दोरी नसून विणलेल्या जाळीसारखा एक पातळ पदर असतो. प्रसारक कंडरा मूळ पेरावर तीन भागांत विभागते. मधला पट्टा मधल्या पेराच्या मुळाशी चिकटतो. बाजूचे दोन पट्टे तळहातातील लहान स्नायूंचे तंतू सोबत घेऊन पुढे जातात व एकत्र येऊन टोकाच्या पेराला चिकटतात. रसायनात मुरवलेल्या मृत हातावर हा पदर कागदासारखा चपटा व निर्जीव दिसतो. जिवंत बोटात तो प्रत्येक हालचालीबरोबर सरकतो, आणि त्याचे सारे मर्म या सरकण्यातच आहे.

टोकाच्या पेरावरील कंडरा तुटली तर बोटाचे टोक खाली झुकते. संत्र्याची पेटी उचलताना टोक दुमडले किंवा क्रिकेटचा चेंडू लागला, एवढे निमित्त पुरते. सांधा सहा ते आठ आठवडे अखंड सरळ ठेवणे हा यावरील उपचार होय. ‘अखंड’ या शब्दावर भर द्यावा लागतो, कारण अंघोळीच्या वेळी पट्टी काढून टोक एकदा जरी झुकू दिले, तरी दिवसांची मोजणी पुन्हा आरंभापासून करावी लागते.

याहून फसवी इजा मधल्या सांध्याच्या पाठीवरची होय. डोळा काढताना चाकू निसटून दुसऱ्या हाताच्या तर्जनीच्या मधल्या सांध्यावर लागला, जखम लहानशी, बोट वाकते आणि सरळही होते. हळद किंवा मलम लावून काम पुढे चालू होते. दोन-तीन आठवड्यांनी मधला सांधा वाकलेलाच राहू लागतो व टोक उलट ताठ होते. घडलेले असते ते असे : मधला पट्टा त्या दिवशीच कापला गेलेला असतो, परंतु बाजूचे पट्टे सांध्याच्या अक्षाच्या वर असल्याने तेच काही काळ बोट सरळ करीत राहतात. हळूहळू ते दोन्ही बाजूंना घसरतात, अक्षाच्या खाली येतात, आणि सरळ करणारेच पट्टे वाकवणारे बनतात. ताकद तीच राहते व तिची दिशा बदलते, हे शरीररचनेतील मोठे विलक्षण उदाहरण आहे.

पहिल्याच दिवशी ही इजा ओळखण्याची परीक्षा एल्सन यांनी १९८६ मध्ये मांडली. बोटाचा मधला सांधा टेबलाच्या कडेवर काटकोनात वाकवून मधले पेर दाबून धरावे व रुग्णास बोट सरळ करण्याचा प्रयत्न करण्यास सांगावे. मधला पट्टा शाबूत असेल तर मधल्या पेरात जोर जाणवतो व टोक सैल राहते. तो तुटला असेल तर जोर नसतो आणि टोक ताठ होते. या परीक्षेला यंत्र लागत नाही, क्ष-किरण लागत नाही, पैसाही लागत नाही. ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येक अशा जखमेवर ती केली गेल्यास कित्येक बोटे वाचतील.

उपचारातही रचनेचेच ज्ञान लागते. मधला सांधा सरळ बांधून टोकाचा सांधा मोकळा ठेवतात व रुग्णास तो वारंवार वाकवण्यास सांगतात. टोक वाकले की बाजूचे पट्टे पुढे ओढले जातात आणि तुटलेल्या मधल्या पट्ट्याची टोके एकमेकांजवळ येतात. हे कारण न समजलेला उपचारक सुरक्षिततेच्या कल्पनेने संपूर्ण बोट बांधून टाकतो.

लहान स्नायू व कुष्ठरुग्णांचा हात

तळहातातील लहान स्नायूंपैकी चार लंब्रिकल हे गांडुळासारखे दिसतात, म्हणून त्यांस लॅटिनमध्ये ते नाव मिळाले. ते हाडावरून न निघता खोल आकुंचक कंडरेवरून निघतात व बोटाच्या पाठीवरील पदराला मिळतात. अर्थात वाकवणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या यंत्रणांमधला तो सांधणारा दुवा आहे. हाडांमधील आंतरास्थि स्नायू पाठीकडे चार व तळहाताकडे तीन असतात. हे लहान स्नायू मूळ सांधा वाकवतात आणि त्याच वेळी पुढील दोन सांधे सरळ करतात. डोळा चिमटीत धरून सालीखाली सरकवताना बोटांची जी ठेवण होते, ती हीच. फ्रेंच वैद्य द्यूशेन यांनी विजेच्या सौम्य प्रवाहाने एकेक स्नायू उद्दीपित करून त्यांची कार्ये अभ्यासली व १८६७ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मृत शरीरावरून न कळलेले बोटाचे कार्य जिवंत हाताने सांगितले ते तेव्हा.

यांपैकी बहुतेक स्नायूंना अल्नर मज्जातंतू चालना देतो. हा कोपराच्या आतील बाजूस हाडालगत, त्वचेखाली अगदी वर असतो, आणि कुष्ठरोगात तो वारंवार बाधित होतो. मग मूळ सांधे मागे झुकतात, पुढील सांधे वाकतात, हात पंजासारखा होतो. मूळ सांध्यांना मागून आधार देऊन किंचित वाकवून धरले असता रुग्णाला पुढील सांधे सरळ करता आले, तर पाठीवरील पदर अजून शाबूत आहे असे समजावे. बूव्हिए यांच्या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा शस्त्रक्रियेची निवड ठरवते.

या ज्ञानाचा वऱ्हाडाशी असलेला संबंध जुना आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन येथे कुष्ठरुग्णांसाठी कार्य उभे केले. परतवाड्याजवळील कोठारा येथेही कुष्ठरोग रुग्णालय आहे. त्यापूर्वी १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे, तर १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनात हे काम सुरू केले. या संस्थांनी रुग्णाच्या हाताला काम दिले. त्याच सुमारास, १९४६ मध्ये, तामिळनाडूतील वेल्लोर येथे आलेले डॉ. पॉल ब्रँड यांनी या हाताच्या रचनेचा शोध घेतला. कुष्ठरोगात बोटे ‘सडून झडतात’ ही समजूत त्यांनी खोडून काढली. संवेदना गेलेल्या बोटांना भाजणे, कापणे, घासणे कळत नाही आणि वारंवार होणाऱ्या इजांतून ती झिजतात, हे त्यांनी दाखवून दिले. शाबूत स्नायूची कंडरा वळवून ती लुळ्या बोटाच्या पदराला जोडण्याची शस्त्रक्रिया त्यांनी तेथे विकसित केली. मनगट मागे वाकवणाऱ्या स्नायूला आता बोटाचा मूळ सांधा वाकवायचा असतो. त्या स्नायूला व त्याच्या मालकाला हे नवे काम शिकवणे शल्यचिकित्सकाचे नसून उपचारकाचे होते. भारतात हस्तोपचाराची जडणघडण मोठ्या प्रमाणात या हातांवर झाली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

चाकूने मनगटाजवळ अल्नर मज्जातंतू कापला गेल्यावर कारागिरातही हेच घडते. रुग्णाची तक्रार असते करंगळी बधिर झाल्याची, आणि करंगळीवाचून काम अडत नाही असे त्याला वाटते. प्रत्यक्षात अंगठा तर्जनीच्या कडेवर दाबणारा स्नायूही याच मज्जातंतूवर चालतो. अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये कागद धरून ओढला असता अंगठ्याचे टोक वाकू लागते. फ्रोमाँ यांनी १९१५ मध्ये वर्णिलेले हे चिन्ह होय. बधिर होते करंगळी, पण चाकूवरून सुटतो तो अंगठा.

शिक्षणाची पद्धत

महाराष्ट्रात या शिक्षणाची परंपरा मोठी आहे. मूळच्या अमेरिकन व विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले. विदर्भात नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ पासून हे शिक्षण मिळू लागले. व्यवसायोपचारात रुग्णाचा व्यवसाय हाच उपचाराचा आधार मानला जातो. त्या अर्थाने वरूड परिसरातील विद्यार्थ्याने रोपवाटिकेत एक दिवस बसून डोळा भरणे पाहणे हा अभ्यासक्रमाचाच भाग मानावयास हवा. कोणता सांधा किती अंशांत वाकतो हे कोनमापक सांगतो. तो अंश कारागिराला कशासाठी हवा आहे हे रोपवाटिकाच सांगते.

नावे पाठ करणे अनावश्यक नाही, परंतु ते पहिले पाऊल आहे. त्यानंतर स्वतःच्या हातावर कंडरा चाचपणे, सहाध्यायाच्या हातावर परीक्षा करणे, शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहणे आणि मग रुग्णाचा हात हाती घेणे, हा क्रम योग्य होय. डोळे मिटून शेजाऱ्याच्या बोटावरील मधला पट्टा सरकताना ओळखता येईपर्यंत पुढचा धडा घेऊ नये, असा आग्रह धरणारे शिक्षक कठोर वाटतात. ते बरोबर असतात.

कापलेला मज्जातंतू शिवल्यानंतर साधारणपणे दिवसाला एक मिलिमीटर या गतीने वाढतो. मनगटापासून तर्जनीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजले की स्पर्श परतण्यास लागणारे महिने कारागिराला सांगता येतात. शिवलेली आकुंचक कंडरा पूर्ण ताकदीच्या कामास योग्य होण्यास सुमारे १२ आठवडे लागतात. रोजावर काम करणाऱ्या माणसाला १२ आठवडे म्हणजे एक संपूर्ण हंगाम. ‘व्यायाम केला नाही’ अशी नोंद रुग्णपत्रिकेवर करणे सोपे असते, पण पट्टी वेळेपूर्वी काढण्यामागे बेपर्वाईपेक्षा मजुरीचा हिशोब अधिक वेळा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कंडरा सर्वांत कच्ची असते आणि नेमकी त्याच वेळी जखम बाहेरून भरलेली दिसते, ही गोष्ट चित्र काढून, शक्यतो घरच्या माणसांसमक्ष, समजावून सांगावी लागते. झाडाच्या बाबतीत कारागिराला ती ठाऊकच असते. डोळा हिरवा दिसला म्हणून तो त्याच दिवशी पट्टी सोडत नाही.

आधारपट्टीच्या बाबतीतही स्थानिक परिस्थिती पाहावी लागते. गरम पाण्यात मऊ करून बोटावर बसवावयाचे प्लास्टिक महाग असते, आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत ते विसरले तर त्याचा आकार बिघडतो. टोकाच्या सांध्यासाठी ॲल्युमिनियमची मऊ अस्तर लावलेली लहान पट्टी तितकेच काम करते. ती घामाने ओली राहून कातडी पांढरी पडू नये म्हणून दिवसातून एकदा बदलावी; बदलताना बोटाचे टोक टेबलावर सपाट टेकलेले असावे आणि पट्टी दुसऱ्या कोणी तरी काढावी व बांधावी.